सगळ्यांना माहीत असलेलं नाव

"बाबा, बटाट्याचा लिलाव पुकारा," नटी म्हणाली आणि तिनं माइक वडिलांच्या तोंडापुढे धरला.

तिचं स्वतःचं भाषण पडलं होतं. पडद्यावर नुसती पापणी हलवून अख्खं थिएटर रडवणारी बाई, पण सरकारच्या आरोग्य समितीपुढे तिची डाळ शिजेना. पक्षाघाताचा झटका येऊन बाबांची वाचा कशी गेली, बोलायला शिकवणारी थेरपिस्ट रोज घरी येते म्हणून कसा फरक पडतोय, सगळं सांगून झालं होतं. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी योजनेत हा खर्च धरा, एवढंच तिचं मागणं. पण हेच ती मुलाखतींमधून इतक्यांदा बोलली होती, की अध्यक्ष जांभई दाबत होते आणि एक सदस्य तिच्यासोबत फोटो कसा मिळेल याच्या विचारात होता. समोरचा माणूस हातचा निसटायला लागला की नटनट्यांना ते बरोबर कळतं. मग तिनं हुकमाचं पान काढलं.

बाबा उभे राहिले. जन्मभर घाऊक बाजारात पोत्यांच्या थप्पीवर चढून माल पुकारलेला माणूस. उजवा हात लुळा, म्हणून डावा वर केला.

"चारशे! चारशे दहा! अरे, माल बघा माल, नुसतं सोनं! चारशे वीस एक वार! चारशे वीस दोन वार! चारशे वीस... तीन वार!"

आवाज असा की बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला. टाळ्या पडल्या. बाबा लाजून खाली बसले. नटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. कॅमेरेवाल्यांना काय, त्यांनी तेही टिपलं.

"वा, वा!" अध्यक्षांनी टेबल थोपटलं. "अहो ताई, बाबांची तोफ आमच्यापेक्षा जोरात धडधडतेय की! यांना कसले उपचार करताय? असं ठणठणीत बोलणाऱ्या माणसावर सरकारनं पैसा घालवायचा म्हणजे कमालच झाली."

सदस्य हसले. अध्यक्षांनी पुढच्या विषयाचा कागद ओढला.

मागच्या रांगेत एक शिंपीण नवऱ्याचा हात धरून बसली होती. त्याचीही वाचा अशीच गेलेली. घरातले पैसे संपले, तशी त्याची थेरपी बंद पडली होती. ती शेजारच्या बाईला म्हणाली, "घ्या! हिनं आपल्या सगळ्यांच्याच पायावर धोंडा पाडला." हळूच म्हणाली, पण पुढपर्यंत ऐकू गेलं.

नटीचं तोंड उतरलं. टाळ्या आपणच मागितल्या आणि त्याच अंगावर आल्या, हे तिला कळायचं ते कळलं. तिला फार लाज वाटली.

"साहेब, ते बोलणं नव्हे," ती घाईनं म्हणाली. "ते पाठ आहे. पाठ असलेलं सगळं येतं त्यांना. आकडे येतात, प्रार्थना येते, शिव्या तर एकदम झकास येतात. पण तहान लागली तर पाणी म्हणता येत नाही. तुम्हीच विचारा ना काहीतरी. अगदी साधं."

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. घड्याळाकडे बघून ते पुढे झुकले आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "बाबा, ही तुमची लेक ना? हिचं नाव काय?"

सभागृहात खसखस पिकली. हे काय विचारणं झालं? बसच्या पाठीवर, साबणाच्या वेष्टनावर, जिकडे बघावं तिकडे ते नाव. शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल.

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"ही... ही चार... चारशे..." त्यांनी जोरात मान झटकली. चारशे नको होतं त्यांना. डाव्या हाताची मूठ त्यांनी मांडीवर आपटली.

हसणारे खुर्चीत पुढे सरकले. नटीनं ओठ दाताखाली धरले होते. घरी अशा वेळी ती पहिलं अक्षर सांगून मोकळी व्हायची आणि थेरपिस्टची बोलणी खायची. आज ती बोलली नाही.

पण लोकांना कुठला धीर! पत्रकारांतल्या एकानं तिचं नाव सांगितलं. मग दुसऱ्यानं सांगितलं. बघता बघता अर्धं सभागृह बाबांना त्यांच्या मुलीचं नाव शिकवायला लागलं. बाबांनी हात उगारून सगळ्यांना गप्प केलं. चांगलेच चिडले होते. नाही, नाही, अशी मान हलवत ते पुन्हा शोधायला लागले. मागे शिंपिणीचा नवरा केव्हाच उभा राहिला होता. त्याचेही ओठ हलत होते.

"अहो बाबा, बरोबर सांगतायत ते," अध्यक्ष म्हणाले.

"नाही साहेब," नटी म्हणाली. "ते सिनेमातलं. निर्मात्यानं ठेवलेलं. बाबा घरातलं नाव शोधतायत. आई गेल्यापासून त्या नावानं मला बाबांशिवाय कोणी बोलवत नाही."

"असं होय. मग तुम्ही सांगून टाका ना." अध्यक्षांनी पेन उचललं. "बोला, काय नाव?"

"मी सांगून काय उपयोग, साहेब?" नटी म्हणाली. "हाक त्यांनी मारायची आहे."