शेवटची रांग

कर्विनच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी त्याचा अमेरिकन फुटबॉलचा संघ अंतिम सामन्यात पोचला. लांबून फेकलेला लंबगोल बॉल धावत जाऊन झेलायचा, हे कर्विनचं काम. झेल घेऊन गोलरेषा ओलांडली की तो एक बोट वर करायचा. टीव्हीवाले गहिवरून म्हणायचे, पोरगा देवाला विसरत नाही. कर्विनला त्यांची कीव यायची. वर, स्टेडियमच्या शेवटच्या रांगेत, त्याची आई ओडेसा बसायची. पुढची खुर्ची तिला नकोच असे. "खालून नुसती ढुंगणं दिसतात," ती म्हणायची. "आणि मोठा सामना, मोठा सामना काय लावलंय मेल्यांनी? त्या दिवशी बॉल मोठा असतो का?"

अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला कर्विननं समोरच्या संघातल्या दोघांच्या डोक्यावरून बॉल काढला, गोलरेषा ओलांडली आणि सामना जिंकून दिला. मग बॉल गवतावर ठेवून तो मान खाली घालून चालू लागला.

पत्रकारांनी गराडा घातला. "एवढ्या मोठ्या सामन्यात असं खेळायला जमतं कसं?"

"बॉल तेवढाच होता की."

"पण आज बोट वर नाही केलंत? जिंकल्यावर देवाची गरज संपली वाटतं?"

कर्विननं त्या सूटवाल्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "इतकी वर्षं बोटच बघत बसलात. ते कुणाकडे आहे, हे एकानंही मान वर करून पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, यशानं पोराला माज चढला.

ओडेसा त्या सामन्याच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी, घरीच वारली होती.