फळीचं दुसरं टोक

"हात रागात आहेत. मी चालणार नाही," पडवीतली विजेची करवत म्हणाली.

स्वयंपाकघरात कुमुदनं सुटकेचा निःश्वास टाकला. भांड्यांच्या रखडलेल्या मांडणीवरून सकाळीच दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि भालचंद्र तसाच तणतणत फळी कापायला गेला होता. जुनी करवत कुणाचा राग बघायची नाही. अशाच एका भांडणानंतर तिच्यात त्याचं अर्धं बोट गेलं होतं.

थोड्या वेळानं तो दारात आला. "चुकलं माझं. फळीचं दुसरं टोक धरतेस?"

कुमुदनं पडवीत जाऊन टोक धरलं.

"अजून एकाचे हात रागात आहेत," करवत म्हणाली.

"माझे नाहीत हं!" भालचंद्र घाईघाईनं म्हणाला.

कुमुदला खुदकन हसू आलं, आणि पातं गरगर फिरू लागलं.