कागदाचं माप

“एक ठेवून दे त्याच्या कानाखाली, सरळ येईल,” धाकटा म्हणाला आणि त्याने प्रिंटरवर खरंच हात उगारला.

“खबरदार!” ताई खुर्चीतून अर्धी उठली. “माझ्या मशीनला हात लावायचा नाही. तुझ्यापेक्षा जास्त ऐकतं ते माझं.”

सोफ्यावर बसलेल्या दलालाला हसू आलं, पण धाकट्याचं तोंड बघून त्याने ते चहाबरोबर गिळलं. बारा वाजता घर घेणारी पार्टी त्याच्या ऑफिसात येणार होती. त्याआधी कागद हातात हवा होता. घर दोघा भावंडांच्या नावावर, निम्मं निम्मं. ताईच्या सहीशिवाय त्यातली एक वीट विकता येत नव्हती.

महिनाभर धाकट्याने तिचं डोकं खाल्लं होतं. एकटी बाई, एवढं घर कशाला, उद्या जिन्यात पडलीस तर कोण बघणार? ताई शांतपणे बोलली, ओरडून बोलली, एकदा तर रडलीसुद्धा. त्याचं उत्तर ठरलेलं, “तुला काय कळतंय!” याच घरात तिने आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, तेव्हा हा शहाणा वर्षातून एकदा फोन करायचा. त्या आठवणीनेही तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी दलालच म्हणाला होता, “ताई, तोंडी बोलण्याला अर्थ नाही. काय ते कागदावर द्या, दोघांच्या सह्या घालून. पुन्हा कुणी विषय काढायला नको.”

“देते,” ताई म्हणाली होती. “पण टाइप मी करणार. तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होते. दुसऱ्याच्या हातचा कागद मला चालत नाही.”

आज सकाळी धाकट्याने खोलीभर येरझारा घालत मजकूर सांगितला आणि तिने मान वर न करता तो ठोकला. अक्षर मोठं ठेवलं, कारण धाकट्याचा चष्मा गाडीत राहिला होता. आणि आता प्रिंटर ढिम्म.

“बंद करून चालू कर.”

“केलं.”

“वायर बघ.”

“तूच ओढलीस ती पायाने. जरा एका जागी बस की!” ताईने वाकून वायर नीट खोचली. दिवा हिरवा झाला, तरी कागद येईना.

“मशीन भंगारात घाल. घराबरोबर तेही जाऊ दे.”

“भंगारात कुणाला घालायचं ते मी ठरवीन,” ताई म्हणाली. “काल छापायला दिलेलं एक पान रांगेत अडकलंय. पुढचा हलल्याशिवाय मागच्याने जायचं कुठून?” तिने ते पान रद्द केलं. प्रिंटर घरघरला, कागद अर्धा बाहेर आला आणि थांबला. धाकट्याने झडप घालून तो तिरका ओढला. टर्रकन फाटला.

“झालं समाधान? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!”

मागचं झाकण उघडून तिने अडकलेला तुकडा दोन्ही हातांनी, कागद जातो त्या दिशेने, हळूच सोडवला. मग पुन्हा हुकूम दिला. या वेळी पान सुखरूप बाहेर आलं. फक्त उजवीकडचा काठ गायब होता. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द कापला गेला होता.

धाकट्याने पान हातभर लांब धरलं. “या घरातला माझा निम्मा हिस्सा विकायला मी स्वखुशीने तयार… आहे. बरोबर. एक तारखेपर्यंत सामान काढून मी हे घर रिकामं करणार… आहे. झकास! हा निर्णय माझ्या सख्ख्या भावाला पूर्णपणे मान्य… आहेच मुळी! घाल सही.”

“शेपटं कापली गेलीत ओळींची.”

“हत्ती तर आला ना? शेपूट राहिलं तर राहू दे.”

“अर्धवट कागदावर मी सही करत नाही.”

“तू मुद्दाम वेळ काढतेयस!”

“महिनाभर वेळ कुणी काढला? मला दोन मिनिटं पुरतात.”

“साहेब, ताईंचं बरोबर आहे,” दलाल घड्याळाकडे बघत म्हणाला. “कापलेला कागद पार्टी हातात घेणार नाही.”

धाकटा पाय आपटत खिडकीशी गेला. ताईने कागदाचं माप उघडलं. कॉम्प्युटर रुंद कागद धरून बसला होता, ट्रेमध्ये होता अरुंद. तिने माप बदललं. पान आलं, चारही काठ जागच्या जागी.

तिने आधी स्वतः सही केली, ठसठशीत. मग पान टेबलावर त्याच्यापुढे सरकवलं.

“वाचून घे.”

“मघाशी वाचलंय की! कुठे करू, इथे?”

“इथे. ‘मजकूर वाचला, समजला’ लिहिलंय त्याच्या खाली.”

त्याने लफ्फेदार सही ठोकली. साक्षीदार म्हणून दलालाने घाईघाईत आपली केली.

“सुटलो बुवा एकदाचा!” धाकटा सोफ्यावर कोसळला. “पार्टीला फोन लावा. वाचूनच दाखवा, म्हणजे त्यांचाही जीव भांड्यात पडेल.”

दलालाने फोन लावला, कानाला धरला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खणखणीत सुरुवात केली.

“ऐका हं. एक. या घरातला माझा निम्मा हिस्सा विकायला मी स्वखुशीने तयार… नाही.” त्याचा आवाज एकदम उतरला, पण पलीकडून पुढचं वाचायला सांगत होते. “दोन. एक तारखेपर्यंत सामान काढून मी हे घर रिकामं करणार नाही. तीन. हा निर्णय माझ्या सख्ख्या भावाला पूर्णपणे मान्य आहे.”