आतली कडी

"ज्यांना हा आराखडा पसंत आहे, त्यांनी हात वर करा," फोरमन म्हणाला. सगळे पुरुष हात वर करून मोकळे झाले. मागच्या तीन रांगांत बायका होत्या. त्यांचे हात मांडीवरून हलले नाहीत.

टेबलापाशी उभी असलेली आर्किटेक्ट चक्रावली. कारखान्याच्या कामगारांसाठी ती घरं आखत होती, आणि आराखड्यातली मुख्य गोष्ट तर तिनं बायकांसाठीच केली होती. घराघरात स्वयंपाकघर नाही. सगळ्यांत मिळून मधोमध एकच मोठं, तिथे पगारी स्वयंपाकी. दिवसभर मशीनवर राबून आलेल्या बाईला पुन्हा चुलीपुढे उभं राहायला नको.

फोरमन समितीचा अध्यक्ष होता. त्यानं वर आलेले हात मोजले. "निम्म्याहून कमी भरतात, बाई. पुढच्या रविवारी परत मत घेऊ. तेव्हाही हेच झालं, तर आपली जुन्या पद्धतीचीच घरं बांधू."

ही कल्पना तिनं हवेतून काढली नव्हती. लहानपणी रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या बंद दाराबाहेर वह्या घेऊन बसायची. दार ढकललं तरी उघडायचं नाही. आतून आई म्हणायची, "झालंच हं, बाळा." आई बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे धुरानं लाल झालेले असायचे. पुढे कॉलेजात तिनं वाचलं, की स्वयंपाकघर हा बाईचा तुरुंग आहे. वाचताक्षणी पटलं, कारण तुरुंगाचं दार तिनं स्वतः पाहिलं होतं. त्यावर तिनं प्रबंध लिहिला, आणि प्रबंधातून ही घरं निघाली. अनुभव होता, सिद्धान्त होता, स्वप्नही होतं. फक्त हात वर येत नव्हते.

दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. हिला रागाच्या आधी प्रश्न पडायचे. तिनं फाटकाशी पॅकिंग खात्यातल्या वहिनींना गाठलं. घरात सासू, नवरा आणि तीन पोरं. सगळ्यांत जास्त फायदा यांचाच होता.

"वहिनी, खरं सांगा. स्वयंपाकाची इतकी हौस आहे तुम्हाला?"

"हौस घातली चुलीत," वहिनी म्हणाल्या. "घरी चला. असं सांगून नाही कळायचं."

बाहेरच्या खोलीत सासूबाई खाटेवर होत्या, नवरा टीव्हीपुढे होता, आणि तिन्ही पोरं एका खुर्चीवरून भांडत होती. वहिनींनी तिचा हात धरून तिला थेट स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं, कडी घातली. गॅसवर पातेलं चढवलं. मग भिंतीला टेकून पाटावर बसल्या आणि डोळे मिटले.

"आई, याला सांग ना," बाहेरून एक पोरगा ओरडला.

"स्वयंपाक चाललाय," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या. पोरगा गुपचूप परतला.

आर्किटेक्टनं पातेल्यात डोकावून पाहिलं. नुसतं पाणी होतं.

"घरात ही एकच कडी आहे, बाई," वहिनी हळूच म्हणाल्या. "संडासाला आहे म्हणा, पण तिथे रांग असते. तुम्ही चूल न्या, खुशाल न्या. पण तिच्याबरोबर माझी कडीपण जाते."

ती तिथून तडक आईकडे गेली. आई खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

"आई, आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला कडी कुठून होती गं?"

"आतून. बाहेरून कशाला असेल?" आईनं दोरा दातानं तोडला आणि लेकीकडे जरा निरखून पाहिलं. मग हसली. "इतक्या वर्षांनी पकडलंस होय. अगं, स्वयंपाक अर्ध्या तासाचा. पुढे आपली बसून राहायचे. कधी डुलकी काढायचे, कधी रडून घ्यायचे. तुझ्या बाबांना सांगायचे, स्टोव्ह नीट पेटत नाही. बिचाऱ्यांनी तीन स्टोव्ह बदलले."

लेकीला हसू फुटलं आणि लगेच विरलं. आईला कोणी कोंडलं, याचा शोध तिनं प्रबंधभर घेतला होता. आई ज्यांच्यापासून कडी लावून घेत होती, त्यांत दाराबाहेर वह्या घेऊन बसलेली आपणही होतो, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आईच्या हातातून सुई घेऊन तिनं ओवून दिली.

रविवारी तिनं नवा आराखडा टेबलावर पसरला. सामायिक स्वयंपाकघर जागेवरच होतं. मात्र प्रत्येक घरात एक लहानशी खोली वाढली होती. एक खिडकी, एक दार आणि जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी जागा.

फोरमननं चष्मा लावला आणि बोटानं एकेक खोली वाचत गेला. बोट अडलं. "बाई, इथे नाव घालायचं विसरलात."

"विसरले नाही."

"अहो, पण मग हिच्यात बायकांनी करायचं तरी काय?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "कडी आतून आहे."

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. फोरमननं मत मागायच्या आत मागच्या तिन्ही रांगांचे हात वर गेले होते.