गॅलरीतून दिसणारी वाट

डोंगरात मुक्काम कुठे करायचा, यावर आमच्या सानपाड्याच्या घरात आठवडाभर खल चालला होता. मनाली गर्दीमुळे बाद झाली, मुक्तेश्वरही ह्यांना पटेना. प्रत्येक हॉटेलला फोनवर ह्यांचा एकच प्रश्न, "गॅलरीतून वर जाणारी वाट दिसते का?" शेवटी मी वैतागले. "अहो, तुम्ही वाटेवर असणार. गॅलरीत मी बसते, थर्मास घेऊन!" तीस वर्षं हे डोंगर चढतायत आणि मी खाली चहा गरम ठेवतेय. मुन्सियारीच्या हॉटेलवाल्यानं "हो, शेवटच्या वळणापर्यंत दिसते" म्हटल्यावर ह्यांनी लगेच खोली बुक केली. मग कपाटातून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत ट्रेकिंगचे नवे बूट होते, माझ्या मापाचे. "वॉचमन सांगत होता, मॅडम रोज सकाळी चौदा मजले जिन्यानं चढतात. यंदा गॅलरीत मी बसतो," हे म्हणाले, आणि ओट्यावरचा माझा थर्मास उचलून स्वतःच्या बॅगेत भरला.