काचेचं दार

“आई, ही खोली बघ. मेंढरांचा गोठा होता, आता पाहुणे राहतात. तू आलीस की दोन दिवस इथंच राहू. दार अख्खं काचेचं, कडीसुद्धा नाही!” इंग्लंडातून लेक दिशा फोनवर खोली दाखवत होती. शिनोलीत गजराबाईनं फोन खांबाला टेकवला. बघण्याच्या नादात मेंढवाड्याच्या फाटकाला कडी घालायची राहिली. फाटक धाडकन उघडलं. बिबट्यानं गाभण मेंढीचं नरडं धरलं. गजराबाईनं कुऱ्हाड उचलून त्याच्या पाठीत घातली. त्यानं उलटून तिच्या खांद्याचं मांस पंजानं ओरबाडलं. “मुडद्या!” म्हणत तिनं दुसरा घाव थोबाडावर घातला. रक्ताची चिळकांडी फोनवर उडाली. बिबट्या उसात पळाला. मेंढी पाय झाडून गार झाली. “आई, सोड मेंढरं, ये इकडं!” दिशा किंचाळली. गजराबाईनं पदरानं फोन पुसला. “येते. पर आधी त्या काचेला कडी बसवाया सांग.”