लिंबापर्यंतची रेंज

"गेटच्या पुढं गेला की मेलाच हा," म्हणत इंद्रजीतनं तिसऱ्यांदा टेबलावर मूठ आपटली. लॅपटॉपवरचा हिरवा ठिपका, म्हणजे बोर्डाचा सिग्नल, विझला होता.

हा वायरलेस सर्किट बोर्ड त्याच्या हाताखालच्या सुलेखानं आखलेला. बोटाएवढा अरुंद. ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा जोडायच्या भोकांच्या पट्टीवर, बसवला की दोन्ही बाजूंना तारा खोचायला भोकांची एकेक ओळ मोकळी राहायची. इंद्रजीतच्या रुंद बोर्डाखाली सगळी भोकं झाकली जात आणि बोर्ड विकत घेणारी कॉलेजची पोरं शिव्या घालत.

"अँटेनाला जागाच ठेवली नाहीस तू," इंद्रजीत समोर बसलेल्या सुलेखाला म्हणाला.

"ठेवलीय, सर. खाली तांबं नाही, आसपास धातू नाही. धातूनं कोंडली तरच लहर अडते. इथं शेडभर चालतो की."

"शेडभर काहीही चालतं."

"मग मी घेऊन जाते लिंबापर्यंत."

"तू इथंच बस आणि विझताना बघ."

रेंज तपासायला गेटबाहेर करमाड रस्त्यावरच्या लिंबापर्यंत बोर्ड न्यायचं काम वॉचमन पुंजारामकडे होतं; आत्ताही तोच गेला होता. सोमवारी त्याच्या हातून एक पडून फुटला. इंद्रजीतनं सगळ्यांसमोर त्याची सालटी काढली होती, "आणखी एक फुटला तर उद्यापासून गेटवर दिसू नका." म्हातारा तेव्हापासून धास्तावला होता. तंबाखूसुद्धा हल्ली कागदाच्या पुडीतून काढायचा आणि हात झटकून मगच बोर्डाला शिवायचा.

"काल माझा रुंद बोर्ड त्याच पुंजारामनं त्याच लिंबापर्यंत नेला," इंद्रजीत म्हणाला. "एकदाही सिग्नल तुटला नाही. आठ महिने वाया घालवलेस माझे."

"माझेही आठच गेले, सर."

या उत्तरानं त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तिच्यादेखत रुंद बोर्डाची फाइल कारखान्याला पाठवली, दोन हजार नग. मग तिची फाइल उघडली आणि कायमची पुसून टाकली.

सुलेखानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, ओढणी उचलली आणि दार न लावताच निघून गेली. इंद्रजीतला त्याचाही राग आला.

घामानं भिजलेला पुंजाराम आत आला.

"घ्या साहेब. ओरखडासुदिक नाय."

त्यानं खिशातून तंबाखूची स्टीलची डबी काढली, झाकण उघडलं आणि कापसातला बोर्ड अलगद टेबलावर ठेवला.

"तुमचा मोठा बोर्ड हिच्यात मावंना, त्यो हातातच न्यावा लागला. ताईचा बघा कसा नेमका बसतो."